पुढ्यातली कातर

आमच्याकडं कातर कुणी कुणाच्या हातात देत नाही. हातात दिली की दोघांत भांडण लागतं म्हणतात. ज्याला द्यायची त्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवायची आणि त्यानं ती आपली आपण उचलायची. मिठाचंही तसंच सांगतात, पण मिठाचं कोण एवढं पाळतो? कातरीचं मात्र पाळायचे. आमच्या घरात कातर म्हणजे शिंप्याची कात्री नव्हे, मेंढरांची लोकर कापायची वीतभर पात्यांची लोखंडी कातर. आजोबांच्या पिढीपर्यंत आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. वडिलांनी निरवांगीत शेती धरली, पुढं उसाला पाणी मिळालं, आणि मेंढरं तेवढी थोरल्या चुलत्यांकडं राहिली. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो.

वर्षातून दोनदा कातरणी व्हायची. आधल्या दिवशी मेंढरं नदीत धुऊन काढायची, दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीतले आठ-दहा गडी गोळा व्हायचे. मजुरी कुणी घेत नसे, दुपारचं जेवण घातलं की झालं. सगळे ओळीनं बसले की आबा कातरीला भंडारा लावायचे आणि त्यातल्या एकाच्या पुढ्यात ठेवायचे. त्यानं पहिली मेंढी कातरायची, पहिली लोकर देवाला. मग बाकीच्यांनी हात घालायचा. कुणाच्या पुढ्यात कातर ठेवायची ते आबा ठरवायचे आणि त्यावर कुणी तोंड उघडत नसे. माझ्या भावाला मिसरूड फुटलं त्या वर्षापासून ती त्याच्या पुढ्यात ठेवली जायची.

दादाचा हात तसाच होता. लोकर कांबळ्यासारखी एकसंध उतरायची आणि त्याच्या मांडीपाशी मेंढी डोळे मिटून पडायची. भाऊ म्हणून मी कौतुक करतेय असं समजू नका, माझं त्याच्याशी फारसं पटायचं नाही. मी सतत पुस्तक घेऊन बसायचे म्हणून तो मला मास्तरीण म्हणायचा, आणि मी कॉलेजसाठी बारामतीला जायला लागले तशी त्याची चेष्टा आणखी वाढली. एसटी आली की अंगणातून ओरडायचा, मास्तरीण, साहेब येऊन बसल्यात, फळा पुसायला पळ.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो आजारी पडला. आधी झोप गेली. मग तो म्हणायला लागला की नदीवरच्या मोटारीच्या आवाजात माणसं बोलतात आणि त्यालाच नावं ठेवतात. मोटार बंद केली की तो शांत व्हायचा, चालू केली की कानात बोळे घालून गोठ्यात बसायचा. आईच्या हातचं खाईना झाला. वर्षभर आम्ही करायचं ते सगळं केलं. लिंबं उतरली, अंगारे लावले, आई मोरगावला जाऊन नवस बोलून आली. शेवटी एका सकाळी त्यानं मोटारीचा स्टार्टर उपटून नदीत फेकला, आणि वडील आणि आबा त्याला पुण्याला मनोरुग्णांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

त्या जागेचं नाव आमच्याकडं थट्टेत घेतात. पोर हट्टाला पेटलं की तिथं पाठवतो म्हणतात, आणि बैल अडला तर माझे वडील बैलालाही तीच धमकी द्यायचे. तो गेल्यावर आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नाही. बैल अडला तरी वडील मुकाट्यानं उभे राहायचे.

चार महिन्यांनी तो परत आला. अंगानं सुटला होता, केस बारीक कापलेले, चालणं संथ. आणि हात थरथरत होते. चहाचा कप तोंडाशी जाईपर्यंत अर्धा बशीत सांडायचा. गाव बघायला लोटलं. माणसं वाईट नव्हती. कुणी अंडी आणली, कुणी दुधाचा तांब्या. पण यायचे, त्याच्यासमोर बसायचे आणि विचारायचे आईला. जेवतो का? झोपतो का? वळखतो का माणसं? तो तिथंच, हातभर अंतरावर बसलेला. आई सगळ्याला व्हय व्हय म्हणायची.

एकदा शेजारच्या तात्यांनी आईला हेच विचारलं, वळखतो का आता. दादा खालमानेनं म्हणाला, "वळखतो की. तुमी तात्या. आमची पहार नेलीया ती अजून आणली न्हाय."

मी हसू आवरायला आत पळाले. खरंच, दोन वर्षं पहार त्यांच्याकडं होती. तात्या हसले नाहीत. जाताना दारात आईला हळूच म्हणाले, अजून जरा हाय बरं का. पहार तर त्यांनी पुढंही आणली नाही.

औषधाचं खातं माझ्याकडं आलं. मी रोज बारामतीला जात होते आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचू शकणारी घरात मी एकटीच. पुण्याचे एक डॉक्टर दर पंधरवड्याला बारामतीत येऊन बसायचे. पहिल्या खेपेला मी दादाला घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला नीट समजावून सांगितलं होतं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, बरं वाटलं तरी नाहीत. हात थरथरतात ते गोळ्यांनी, आजारानं नाही. फार वाटलं तर मला येऊन सांगा, त्यावर वेगळी गोळी आहे. मी मान हलवली. आजही ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे.

पहिल्या कातरणीला दादा अंघोळ करून सगळ्यांच्या आधी ओळीत जाऊन बसला. आबांनी भंडारा लावला, त्याच्याकडं बघितलं आणि कातर चुलतभावाच्या पुढ्यात ठेवली. मागं कुणीतरी पुटपुटलं, त्याच्या हातात लोखंड नको.  दादा उठून आम्हा बायकांत आला आणि लोकरीतले काटे-कुसळं वेचायला लागला. बायकांनी त्याला जागा करून दिली, जरा जास्तच दिली.

जेवणं झाल्यावर आबांनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "हात हालतो गं त्याचा. मेंढीचं कातडं फाटंल. हात थांबू दे, म्होरल्या खेपंला त्योच."

हे दादानं ऐकलं होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी तो पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या तळहातावर घेऊन अंगणात उभा राहायचा. पाणी हिंदकळून मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. तो तांब्या पुन्हा भरायचा. आईनं एकदा त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला, तर म्हणाला, ऱ्हाऊ दे, हात थांबवायचा हाय. सहा महिने हे चाललं आणि हात काही थांबला नाही.

आता माझं सांगते. लोकांना मी नावं ठेवली, तशी स्वतःला ठेवायला हवीत. डॉक्टरांच्या खोलीबाहेर रस्त्यालगत एक लाकडी बाक होता. त्या बाकावर मी दोनदा बसले, आणि दुसऱ्या वेळी आमच्या वर्गातल्या दोन मुली समोरून गेल्या. माझ्याकडं बघून त्या काही बोलल्या नाहीत, यातच सगळं आलं. त्यानंतर मी बाकावर बसलेच नाही. मागच्या दारानं कंपाउंडरकडं चिठ्ठी द्यायची, त्याच त्या गोळ्या घ्यायच्या आणि स्टँड गाठायचं. तब्येत कशी आहे असं डॉक्टरांनी विचारलंय, असं तो सांगायचा. बरी आहे, असं मी त्याच्याकरवीच कळवायचे. हाताचं सांगायचं तर आत जायला हवं होतं, आणि आत जायचं तर बाकावर बसायला हवं होतं.

दुसरी कातरणी महिन्यावर आली. तांब्यातलं पाणी अजून सांडतच होतं. मी मनाशी हिशेब मांडला की हात गोळ्यांनी हलतो, म्हणजे गोळ्या थांबवल्या की थांबेल. कातरणी झाली की पुन्हा सुरू करू. महिनाभरानं काय आभाळ कोसळतंय? उंटावरचा शहाणा म्हणतात तो कधी कधी मास्तरीणही असतो. त्या दिवशी जेवण झाल्यावर दादानं नेहमीसारखा हात पुढं केला आणि म्हणाला, गोळी? मी म्हणाले, डॉक्टरांनी कमी केल्यात, आज नको. तो माझ्याकडं बघत राहिला. मग हात धुवायला गेला. घरात मी कुणाला सांगितलं नाही. रोजच्या रोज एक गोळी पाकिटातून काढायची आणि पाणी तापवायच्या बंबात टाकायची.

पंधरा-वीस दिवसांत हात थांबला. तांब्या तळहातावर ठेवला की पाणी हलेना. चेहऱ्यावर तरतरी आली, सकाळी तो गोठ्यात वडिलांच्या आधी हजर व्हायला लागला, आणि एक दिवस एसटीचा हॉर्न ऐकून म्हणाला, मास्तरीण, फळा पुसायला पळ. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून रडली. वडील ज्याला त्याला सांगत सुटले की पुण्याचं औषध लागू पडलं.  मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त आनंद होत होता, खोटं कशाला बोलू.

कातरणीच्या दिवशी गडी ओळीनं बसले. आबांनी कातरीला भंडारा लावला, चुलतभावाला ओलांडून पुढं गेले आणि दादाच्या पुढ्यात ठेवली. शेजारी तात्या बसले होते, ते जरा मागं सरकले. दादानं कातर कपाळाला लावली, मेंढीचे पाय बांधून तिला आडवी केली आणि पोटाकडून सुरुवात केली. पात्यांचा तेवढा आवाज. लोकर एकसंध उतरली. मेंढीला कुठं ओरखडासुद्धा नाही. तात्या पुढं सरकून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, हातच्या काकणाला आरसा कशाला, बरा झाला गडी.

अकरा मेंढरं कातरली त्यानं. दुपारी पुरुषांच्या पंगतीत बसला. तात्या भाकरी मोडता मोडता त्याला म्हणाले, "दमला का रं?"

तो परत आल्यापासून गावातल्या माणसानं त्याचं त्याला विचारलेलं ते पहिलं वाक्य. मी वाढत होते. माझ्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. तेव्हा मला वाटलं, मी केलं ते बरोबर केलं.

त्याच संध्याकाळी मी गोळ्या सुरू करायला हव्या होत्या. मी उद्यावर ढकललं, मग परवावर. इतका चांगला चाललाय, पुन्हा हात हलायला लागला तर लोक काय म्हणतील, हे माझं कारण. आणि मनात कुठंतरी असंही होतं की डॉक्टरला काय कळतं. सहा आठवडे झाले असतील, एका सकाळी वडिलांनी मोटार चालू केली आणि दादानं भाकरी टाकून दोन्ही हात कानांवर ठेवले.

मी धावत जाऊन गोळी आणली. आता तो घेईना. दातांवर दात घट्ट आवळून बसला. चौथ्या दिवशी घरातून निघून गेला. आम्ही सगळीकडं शोधलं, आणि तिसऱ्या दिवशी तो बावड्याला देवळाच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला. तळपाय फुटलेले, कपाळाला दगड लागलेला. दगड कुणी मारला ते कुणी सांगेना. चहाच्या टपरीवरची एक बाई तेवढी दोन दिवस त्याला चहा आणि पाव देत होती. आई तिच्या पाया पडली.

गावात बोलणं एकच. कातर होती त्याच्या हातात आणि आपण शेजारी बसलो होतो. ज्या तात्यांनी भाकरी मोडता मोडता त्याची विचारपूस केली होती, ते आता आपण कसे थोडक्यात वाचलो ते सांगायला लागले. त्यानं कधी कुणावर बोट उचललं नव्हतं. पण घडलेलं कोण आठवतंय? घडलं असतं तर काय, तेच सगळ्यांना आठवत होतं.

दादाला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात मी वडिलांबरोबर गेले. डॉक्टरांनी कागद काढले आणि विचारलं, गोळ्या चालू होत्या का? वडील म्हणाले, चालू होत्या, पोरगी देते. डॉक्टर म्हणाले, नव्हत्या. कुणी बंद केल्या? वडील माझ्याकडं बघायला लागले.  मी टेबलावरच्या कागदांकडं बघितलं. तेव्हा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेला दादा, ज्यानं तीन दिवस कुणाशी एक शब्द काढला नव्हता, तो म्हणाला, "म्याच टाकल्या बंबात. तिला ठावं न्हाय."

बंबात. म्हणजे त्यानं बघितलं होतं. पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं, आणि तरी त्यानं मला थांबवलं नाही, कारण त्यालाही हात थांबायला हवा होता. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मी लिहू दिलं.

वडिलांनी तिथंच ठरवलं. माणूस स्वतःच गोळ्या फेकत असेल तर त्याला घरी कसा ठेवायचा? परतताना एसटीत ते एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुढच्या वर्षी दवाखान्यातून पत्र आलं की सुधारणा आहे, घेऊन जा. वडिलांनी ते घडी करून देव्हाऱ्यात ठेवलं. नंतर आणखी पत्रं आली. ती सगळी देव्हाऱ्यात गेली.

मी खरोखरची मास्तरीण झाले. इंदापूर तालुक्यातच शाळा मिळाली, लग्न झालं. सासरी मी सांगितलं होतं की भाऊ पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत मी मैत्रिणीकडं जाते म्हणून पुण्याला जायचे. भेटायला आला की दादा पहिल्यांदा आईचं विचारायचा, मग मेंढरांचं. आबा गेले तेव्हा मी त्याला सांगितलं. चुलतभावानं मेंढरं विकून ट्रॅक्टर घेतला, ते सांगायला मात्र मला एक वर्ष लागलं. ऐकून तो फक्त म्हणाला, सगळी?

नव्वदचं दशक सरत आलं होतं. एका मे महिन्यात तिथल्या समाजसेविका बाईंनी मला आत बोलावलं. तरुण बाई होत्या, मनापासून बोलत होत्या. तुमचे भाऊ चांगले आहेत, म्हणाल्या, घरी राहू शकतील. पण वडील नाही म्हणतात, आणि फायलीत लिहिलंय की हे स्वतः औषध टाकून देतात, त्यामुळं इथले डॉक्टरही जोर करत नाहीत. मी सांगून टाकलं. बंब, तांब्या, कातरणी, बाक, सगळं. सात वर्षांचं पाच मिनिटांत संपलं.

 बाईंनी दादाला बोलावून घेतलं आणि विचारलं, गोळ्या बहिणीनं बंद केल्या होत्या का हो?

दादानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "न्हाय. मला घरी न्यायचं म्हणून ती लबाड बोलती. म्याच टाकल्या."

बाईंनी मान हलवली. घरच्यांना असं वाटतं, म्हणाल्या, आपल्याकडून काहीतरी चुकलं असं फार जणांना वाटतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी फाईल मिटली. मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. त्यांनी मला पाणी दिलं.

दादा मला गेटापर्यंत सोडायला आला. तेवढी त्याला मोकळीक होती.  खोटं का बोललास, मी रागानं म्हणाले. तो म्हणाला, तू मास्तरीण हायस, तुझं नाव कशाला त्या फायलीत. मी म्हणाले, मरू दे फाईल, माझ्याकडं चल, माझ्या घरी राहा. तो चालता चालता थांबला आणि अगदी सहज विचारलं, सासरी काय सांगितलंयस? मी जमिनीकडं बघितलं. त्याला राग आला नाही. त्याला कधीच येत नसे.

"आन येऊन करू काय?" तो म्हणाला. "कातर कोण ठेवणार माझ्या म्होरं?"

गेटाशी आल्यावर त्यानं उजवा हात माझ्यापुढं पालथा धरला. बोटं सारखी हलत होती. "बघ," म्हणाला, "हालतोय. रोज घेतो म्या गोळी. काळजी करू नगंस."

तो हात मी धरायला हवा होता. माझ्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्यात छत्री, आणि तेवढ्यात शिपायानं गेट उघडलं.